सर्वांत स्वस्त कॉलेज आणि माझा सहा पानी अर्ज

हसणार असाल तर आधी चहा संपवा, मग सांगतो. नाहीतर ठसका तुम्हाला लागेल आणि खापर माझ्यावर फुटेल.

गोष्ट माझ्या परदेशी जाण्याची. म्हणजे, न जाण्याची!

महाराजांच्या कृपेने दर वर्षी आपल्या बडोद्याची मुलं परदेशी शिकायला जातात. पण जातात कोण? मानकऱ्यांची पोरं! महागड्यातलं महागडं कॉलेज गाठतात, आणि परत येताना आणतात काय? एक टोपी आणि कायमची सर्दी! माझं डोकं भडकायचं. यंदा शिष्यवृत्तीची एकच जागा होती. मी ठरवलं, जगातलं सर्वांत स्वस्त कॉलेज शोधायचं आणि ती जागा मिळवून या लोकांची तोंडं बंद करायची.

वाचनालयात अमेरिकेतल्या एका कॉलेजचं माहितीपुस्तक सापडलं. मी थेट फीचं पान उघडलं. फी निम्मी! का? तर तिथे नोकरच नाहीत. विद्यार्थीच झाडलोट करतात, स्वयंपाक करतात, भांडी घासतात! श्रमाची प्रतिष्ठा म्हणतात ती हीच! मग मागचं-पुढचं वाचत बसतोय कोण? तडक वाडीतल्या घरी आलो आणि पुस्तक दुर्गीपुढे टाकलं.

दुर्गी माझी धाकटी बहीण. नुकतीच मॅट्रिक झालेली, अक्षर सुरेख. माझे सगळे अर्ज तीच उतरवून देते.

"दादा, हे पुस्तक तू पूर्ण वाचलंस?"

"तू उतरव."

"अरे, पण पहिल्याच पानावर..."

"दुर्गे, उद्या शेवटची तारीख आहे! आणि आधी माझं ताट उचल, कागदाला डाग पडेल."

अर्ज सहा पानी झाला. चार पानं कॉलेजवर, दोन स्त्रीशिक्षणावर. कारण पुस्तकातल्या फोटोत पुढच्या रांगेत मुली होत्या. मागच्या रांगेतही मुलीच! मला वाटलं, मुलगे आदराने बाजूला उभे राहिले असतील. किती सुधारलेला देश! मी ठणकावून लिहिलं, "जो बाप मुलीच्या शिक्षणाआड येतो, तो राज्याचा शत्रू समजावा."

कचेरीत कारकून त्रिकमभाईंनी अर्ज वाचला, पुस्तक चाळलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"भाई, आ कॉलेज तमारे माटे नथी."

"आमच्यासाठी का नाही? आमचे आजोबा फौजेत साधे शिपाई होते म्हणून?"

"अरे, सांभळो तो खरा..."

"नाही ऐकणार! आजवर ऐकतच आलो आम्ही!"

मी टेबलावर मूठ आपटली. दौत उलटली. त्रिकमभाईंच्या पांढऱ्याशुभ्र अंगरख्यावर अख्खा अमेरिका खंड उमटला!

गोंधळ ऐकून आतून साहेब आले. शिष्यवृत्ती यांच्याच हातात. त्यांनी उभ्याउभ्याच अर्ज वाचला.

"मुद्दे बिनतोड आहेत. कॉलेज स्वस्त, शिक्षण उत्तम. मंजूर करायला हरकत नाही."

मी त्रिकमभाईंकडे असं काही पाहिलं, जणू किल्लाच जिंकला.

"अडचण एकच," साहेब म्हणाले. "कॉलेज फक्त मुलींचं आहे."

अख्खी कचेरी हसली. पंखा ओढणारा म्हातारासुद्धा दोरी सोडून हसला!

"हे अक्षर कोणाचं?"

"बहिणीचं. मॅट्रिक आहे."

"पुस्तक तिनं वाचलंय?"

"तिनंच वाचलंय, साहेब."

साहेबांनी शिष्यवृत्ती दुर्गीच्याच नावे मंजूर केली. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, घर डोक्यावर घेतलं. मुलगी आणि अमेरिकेला! साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं आणि माझाच अर्ज वाचून दाखवला, त्या राज्याच्या शत्रूसकट. आप्पा मुकाट्याने सही करून आले.

दुर्गी गेली. तिची ट्रंक स्टेशनवर मीच वाहून नेली. घरी येऊन जेवलो, हात धुतले आणि सवयीने निघालो.

"ताट?" आई म्हणाली.

"दुर्गी उचले..."

"ती निघाली अमेरिकेला भांडी घासायला. तू इथे घास."

तेव्हापासून रोज घासतोय. दात-ओठ खात घासतो, म्हणून तर लख्ख निघतात, असं आईचं म्हणणं. फी नाही, बोटीचं भाडं नाही, अर्ज नाही. याहून स्वस्त कॉलेज कुठे असेल तर खुशाल सांगा मला.

पण आधी त्याचं पहिलं पान वाचा!