फिडलच्या पोटातला खुळखुळा

डॅलसच्या विमानतळावर माझी बॅग उघडली गेली ती लोणच्यासाठी नव्हे, टाळांसाठी. चकल्या आणि मेतकूट यांच्याकडे त्या अधिकारी बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही. दोरीनं एकमेकींना बांधलेल्या पितळेच्या दोन जाड वाट्या दिसल्यावर मात्र त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय आहे?" मी सांगितलं, चर्चमध्ये वाजवायचं वाद्य. त्यांनी आधी टाळांकडे पाहिलं, मग माझ्या साडीकडे. "वाजवून दाखवा," म्हणाल्या. मी रांगेतच उभी राहून दोन आवर्तनं वाजवली. मागचा एक गृहस्थ दचकला, बाई हसल्या आणि मी अमेरिकेत शिरले.

टाळ आणायला करुणानं सांगितलं होतं. करुणा ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. नगरला आमच्या चर्चच्या भजनी मंडळात वाढली, पुण्यात इंजिनिअर झाली आणि आता डॅलसजवळच्या अर्विंगला सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी नगरच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि मंडळात टाळ धरते. आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. उपासनेला पेटी, तबला, टाळ आणि चाली अभंगाच्या, ओवीच्या. नगरात याचं कुणाला नवल नाही. अर्विंगमध्ये मात्र जो भेटेल त्याला मला हे पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं.

"मावशी, आमच्या ग्रुपमध्ये तू हवीच आहेस," गाडीत बसल्या बसल्या करुणानं जाहीर केलं. "टॉमला मी टाळाचा व्हिडिओ दाखवला ना, तो एकदम एक्साइट झाला यार. ऑलरेडी दोन गाण्यांत तुला फिट केलंय त्यानं."

हा टॉम म्हणजे करुणाच्या चर्चमधला पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. पोटापाण्यासाठी घरोघरचे एसी दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात फिडल (म्हणजे आपलं व्हायोलिनच, फक्त वाजवण्याचा ढंग गावाकडचा) वाजवतो. आयर्लंड आणि स्कॉटलंडकडच्या जुन्या केल्टिक चाली घ्यायच्या आणि त्यांवर ख्रिस्ती उपासनेची गाणी बसवायची, हा त्याच्या ग्रुपचा उद्योग. करुणा दुसरी फिडल वाजवते. एक मास्तर पत्र्याची बासरी वाजवतात आणि एक नर्सबाई बोऱ्हान (आपल्या डफासारखं, पण छोट्या लाकडी दांडीनं वाजवायचं) वाजवतात.

पहिल्या तालमीला मी भिंतीशी बसून नुसती ऐकत होते. चाल सहा मात्रांची निघाली, आपल्या दादऱ्याची चुलत बहीण. हात आपोआप मांडीवर पडू लागला. टॉमनं ते पाहिलं आणि टाळांकडे बोट केलं. त्याचा नियम एकच. "या नाचाच्या चाली आहेत, मॅम. नाचणाऱ्याला श्वास लागत नाही, गाणाऱ्याला लागतो. म्हणून हळू. शेवटपर्यंत हळू." मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं!

शनिवारी आम्ही अर्कान्साला निघालो. तिथल्या ओझार्क डोंगरांत टॉमचं गाव आहे आणि गावच्या चर्चमध्ये दुसऱ्या दिवशी होमकमिंग होतं. गाव सोडून गेलेली माणसं या एका रविवारी परत येतात. आपल्याकडे जत्रेला मुंबई-पुण्याची माणसं गावी येतात, तसंच. बाकीचे दुसऱ्या गाडीत होते. टॉमच्या गाडीत मी आणि करुणा होतो आणि मागच्या सीटवर माझ्या शेजारी फिडलची पेटी होती, तिलाही पट्टा लावलेला.

टेक्सासचं सपाट माळरान तासन्‌तास संपत नाही. ओक्लाहोमात पेट्रोल पंपाशेजारच्या खानावळीत थांबलो. मी चहा मागितला तर बर्फ घातलेला गार, पाकासारखा गोड चहा आला. बिस्किटं मागवली तर चहात बुडवायच्या बिस्किटांऐवजी मऊ पाव आला आणि त्यावर पिठल्याइतकी दाट पांढरी ग्रेव्ही. "हेच बिस्किट," करुणा म्हणाली. खाल्लं. वाईट नव्हतं, वर तिखट हवं होतं.

डोंगर दिसू लागले तसा टॉम बोलायला लागला. ती फिडल मुळात त्याच्या वडिलांची, अर्लची. तरुणपणी अर्ल पंचक्रोशीतल्या नाचांना वाजवायचा. त्याचे पूर्वज आयर्लंडहून या डोंगरांत आले, चाली त्यांच्याबरोबर आल्या. पण इथली कडक मंडळी फिडलला सैतानाची पेटी म्हणत. लग्नानंतर अर्लनं ओढ्यात बाप्तिस्मा घेतला आणि पाण्यात उभं राहून देवाला शब्द दिला: नाचाला वाजवणार नाही, चर्चच्या आत पायानं ताल धरणार नाही. फिडल खिळ्याला लागली.

"मग तुझ्याकडे कशी?" मी विचारलं.

"आई गेल्यावर त्यांनी ती भिंतीवरून काढून मला दिली. खुळखुळा मात्र दिला नाही."

हा खुळखुळा म्हणजे रॅटलस्नेक नावाच्या विषारी सापाच्या शेपटीचं वाळलेलं टोक. इकडचे जुने फिडलवाले ते वाद्याच्या पोटात टाकून ठेवतात. कुणी म्हणतं आवाज सुधारतो, कुणी म्हणतं उंदीर लागत नाहीत. "बाबा म्हणाले, खुळखुळा फिडल वाजवणाऱ्यासाठी असतो. तू तर ती चर्चमध्ये नेतोयस," टॉम म्हणाला. मग पुढचं वळण घेऊन म्हणाला, "त्यांनी मला चर्चमध्ये वाजवताना एकदाही ऐकलेलं नाही. उद्या शेवटपर्यंत बसले तरी मला पुरे."

मला आमच्या चर्चमध्ये पहिल्यांदा ढोलकी आली तो दिवस आठवला. हा काय तमाशा, म्हणून दोन म्हातारे उठून गेले होते. नाताळापर्यंत परत आले, ती गोष्ट वेगळी.

अर्लचं घर ओकच्या झाडीत, पत्र्याच्या छपराचं. म्हातारा ताठ, हातात काठी, शब्दांच्या बाबतीत काटकसरी. मला बघून टोपी काढली आणि म्हणाला, "लांबून आलात, मॅम."

"हो. तुमच्या मुलाचं वाजवणं ऐकायला."

"ते मी उद्या बघेन. दाराजवळच्या बाकावर बसणार आहे. नाच सुरू झाला की उठेन." हे त्यानं टॉमसमोरच सांगितलं आणि आम्हाला ॲपल पाय वाढला.

बाहेर आल्यावर करुणा टॉमला म्हणाली, "तुझं तिसरं गाणं ड्रॉप करूया का?" तिसऱ्या गाण्याची चाल अर्लचीच होती. लहानपणी टॉमनं ती बापाच्या शिळेतून ऐकलेली. हात थांबले तरी म्हाताऱ्याची शीळ थांबली नव्हती. त्या चालीवर टॉमनं स्तुतीचे शब्द बसवले होते आणि बापाला सांगितलं नव्हतं. "नाही," टॉम म्हणाला. "त्यासाठीच तर आलोय. हळू वाजवू. त्यांना नाच वाटणार नाही."

रविवारी चर्च भरलं होतं. पांढरं, लाकडी, लहानसं चर्च. उकाड्यामुळे दार सताड उघडं. आम्ही पुढे लोकांकडे तोंड करून उभे होतो, त्यामुळे मला मधल्या वाटेतून थेट अंगणातला ओक दिसत होता. अर्ल दाराजवळ बसला होता. पहिली दोन गाणी नीट झाली. लोक गायले आणि श्वासही घेऊ शकले. तिसरं सुरू झालं तशी अर्लची मान वर आली. चाल त्यानं ओळखली होती. पण उठला नाही. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. टॉमच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर लहान मुलासारखी आशा.

शेवटचं धृपद आलं आणि मी घोटाळा केला. आमच्या मंडळात शेवटच्या धृपदाला लय चढवायची नाही असं कधी झालेलं नाही. पेटीवाला तेव्हा टाळाकडेच बघतो, आणि टाळ माझ्या हातात असतात. हातांना अर्कान्सा काय आणि नगर काय! मी चढवली. बोऱ्हानवाल्या बाई माझ्या मागे आल्या, त्यांच्या मागे बासरी, आणि मग फिडलींना दुसरा रस्ताच उरला नाही. लाकडी जमिनीवर बूट आपटू लागले. एक जाडजूड आजीबाई टाळ्या पिटू लागल्या. नाचच तो. अर्लनं काठी घेतली आणि तो बाहेर गेला.

टॉमनं रिकामा बाक पाहिला. डोळे मिटले आणि खाली मान घालून वाजवत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका माणसानं एक गोष्ट मागितली होती आणि ती मी, पाहुणी म्हणून आलेली, घालवून बसले.

तेवढ्यात मला बाहेरचं दिसलं. अर्ल ओकखाली आमच्याकडे पाठ करून उभा होता. काठी त्यानं पाठीमागे दोन्ही हातांत आडवी धरली होती, आणि डाव्या हाताची बोटं फिडलच्या तारांवर पडावीत तशी काठीवर पडत होती, उचलत होती, पुन्हा पडत होती. चुकत नव्हती. चर्चमधले सगळे आमच्याकडे बघत होते आणि टॉमचे डोळे मिटलेले. मी एकटीच त्या बोटांकडे बघत होते.

उपासनेनंतर झाडांखाली लांब टेबलं मांडून जेवण होतं. घरोघरून डबे आले होते: तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, बटाट्याची कोशिंबीर आणि बलक कालवून भरलेली उकडलेली अंडी. त्या अंड्यांना इथे सैतानाच्या नावावरून नाव आहे. सैतानाची पेटी नको म्हणणाऱ्यांना सैतानाची अंडी चालतात, आणि सगळ्यात आधी तीच संपतात.

"मावशी, फास्ट का केलंस?" करुणानं कुजबुजत विचारलं.

"अगं, शेवटी चढवतातच ना!"

"आपल्याकडे. टॉम बघ, कार लोड करतोय. त्याला आत्ताच निघायचंय."

मी एका ताटलीत जेवण वाढलं आणि ओकखाली खुर्चीत बसलेल्या अर्लकडे गेले. "लय मी वाढवली," मी म्हणाले. "टॉमनं नाही. त्याला बोल लावू नका."

"ठाऊक आहे. कान आहेत मला." त्यानं ताटली मांडीवर घेतली. "ती चाल त्याच लयीची आहे. पोरगा ती अशी वाजवत होता, मला वाटलं कुणाला पुरताहेत."

"मग तुम्ही उठून का गेलात?"

त्यानं आपल्या बुटाकडे पाहिलं. "हा हलायला लागला होता. थांबेना. मी शब्द दिलाय."

"बोटंही हलत होती."

अर्लनं माझ्याकडे पाहिलं. "पाहिलंत तुम्ही?"

"मी समोरच उभी होते."

 त्यानं एक अंडं सावकाश खाल्लं, रुमालानं बोटं पुसली आणि काठी टेकत गाडीकडे निघाला. मी मागे गेले. भोचकपणा म्हणा, पण मला राहवेना.

टॉम गाडीची डिकी लावत होता. अर्ल म्हणाला, "पेटी उघड." टॉमनं उघडली. अर्लनं फिडल हातात घेतली, कानाशी धरून टिचकी मारली. "रिकामी वाजते," म्हणाला. मग सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढलं. बाभळीच्या वाळक्या शेंगेसारखं, कप्प्याकप्प्यांचं. फिडलच्या पोटावरच्या चिरेतून त्यानं ते आत सोडलं, फिडल एकदा हलवली आणि खुळखुळ ऐकून पोराच्या हातात दिली.

"चर्चमध्येच वाजवणार मी," टॉम म्हणाला. 

"ऐकलं मी," अर्ल म्हणाला. "पुढच्या वर्षी ती चाल सुरुवातीपासूनच नीट वाजव. मी बाहेर खुर्ची टाकून बसेन." आणि टेबलाकडे परत गेला, अंडी संपायच्या आत.

रात्रीपर्यंत परतायचं म्हणून आम्ही निघालो. मी खिडकीतून डोंगर बघत बसले. माझे पणजोबा ख्रिस्ती होण्याआधी गावातलं भजन देवळाच्या पायरीखाली उभं राहून ऐकत. त्यांना कुणी आत घेत नव्हतं. अर्ल आपल्या शब्दाला जागून आपणहून बाहेर गेला. दोन्ही गोष्टी एक नव्हेत, हे मला कळतं. पण बाहेर उभं राहून ऐकलेल्या चालीच पणजोबांनी पुढे चर्चमध्ये आणल्या, आणि त्याच आज माझ्या हातात आहेत. पायरीखाली उभं असताना त्यांची बोटं हलत असतील का, हा प्रश्न मला आजवर कधी पडला नव्हता. आता वाटतं, हलत असणार. ते मनात आलं आणि मला रडू आलं. टाळ मांडीवर होते, ते मी उगाच पदरानं पुसत बसले.

डोंगरातला रस्ता खडबडीत होता. प्रत्येक खड्ड्याला शेजारच्या पेटीतून खुळखुळ आवाज यायचा. टॉमनं रेडिओ लावला नाही. टेक्सास आलं तसा रस्ता गुळगुळीत झाला आणि आवाज बंद पडला. अर्विंगच्या पहिल्या सिग्नलला गाडी थांबली. टॉमनं वळून मागे हात नेला आणि माझ्या शेजारची पेटी हळूच हलवली. खुळखुळा वाजला. मग त्यानं पुढे बघितलं आणि सिग्नल हिरवा होण्याची वाट पाहत बसला.