उलटे पडलेले बाण

भिवंडीतल्या नाक्यावर रस्त्यावर बाण काढायचं काम आलं तेव्हा मी नगरपालिकेत रोजंदारीवरचा रंगारी होतो. पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. त्याआधी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. बाण ही साहेबांची नवी टूम होती: डावीकडे वळणाऱ्याने डाव्या पट्ट्यात थांबायचं, अंबाडीच्या फाट्याला उजवीकडे वळणाऱ्याने उजव्या. काम नीट उतरलं की तुला कायम करतो, असं साहेब म्हणाले होते. ‘कायम’ या एका शब्दाकडे घरचे सगळे डोळे लावून बसले होते.

नाक्याचा कायदा मात्र वेगळा होता. ट्रक ड्रायव्हर रस्त्याकडे बघतच नसत. क्लीनर दारावर थाप मारायचा. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हातगाडीवर लूमचा बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, आला की मात्र सगळे थांबायचे. धक्क्याने सूत तुटलं तर कुणाचा तरी लूम बंद पडणार, हे परमुलखातल्या ड्रायव्हरलाही ठाऊक होतं. पोलिसाला न मिळणारा मान त्या बीमला मिळायचा.

मी येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून बसलो. पाठ करून बसलो असतो तर आज हे लिहायला उरलो नसतो. पत्र्याचा साचा एकच होता, बाणाचं शेपूट गाड्यांकडे ठेवायचं; एका बाजूवर ‘डावा’ लिहिलेलं, उलटा केला की ‘उजवा’. माझ्या डाव्या हाताच्या पट्ट्यात डावा बाण काढला, उजव्या हाताच्या पट्ट्यात उजवा. मग गाड्यांच्या बाजूला जाऊन, ड्रायव्हर बघेल तसं बघितलं. माझा डावा हात तो त्यांचा उजवा. दोन्ही बाण उलटे पडले होते: त्यांच्या डाव्या पट्ट्यात उजवा, उजव्या पट्ट्यात डावा.

तेवढ्यात साहेब जीपमधून आले, उतरले, ‘झकास’ म्हणाले आणि गेले. मी डब्याला झाकण लावलं. आठ दिवस कुणी बाणांकडे ढुंकून पाहिलं नाही.

नवव्या दिवशी जवळच्या वडपे गावचा एक तरुण ड्रायव्हर आला. लायसन्स नवं, ट्रक शेठचा. त्याला अंबाडीला जायचं होतं. उजवा बाण बघून तो डाव्या पट्ट्यात शिरला आणि तिथून उजवीकडे वळला, तो सरळ जाणाऱ्या दुसऱ्या ट्रकच्या पुढ्यात. कुणाला लागलं नाही. दिवा फुटला, मडगार्ड चेपलं.

“सडक का रंग देखके गाडी चलाता है क्या?” दुसरा ड्रायव्हर ओरडला. गर्दी हसली.

“यो बघा ना बाण! उजवीकडंच दाखवतो, न्हाय का?” तो रस्त्यावर उकिडवा बसून बोटाने दाखवत होता.

शेठ आला, त्याने बाणाकडे पाहिलंही नाही. किल्ली मागितली.

मी कडेला फुटपाथची कड रंगवत होतो. त्या पोराला माझा डबा दिसला. “काका, तुम्हीच काढलाय ना? सांगा ना यांना.”

“मला दिलं तसं काढलं,” मी म्हणालो.

त्याने किल्ली दिली आणि वडप्याच्या दिशेने चालू लागला. मला स्वतःची किळस आली, पण मी ब्रश खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी डांबर मागून बाण बुजवले आणि सुलटे काढले. डांबर कशाला, हेही कुणी विचारलं नाही. महिन्याभरात मी कायम झालो. पुढे निवृत्त होईपर्यंत रस्तेच रंगवले. माझं काम वाचून तसा वागणारा माणूस मला एकच भेटला, आणि त्याच्या हातातली किल्ली मी जाऊ दिली.