आरोपीची आई, एम. ए., बी. एड.

गेल्या उन्हाळ्यात ब्रिटिश आरमाराने मला दोषी ठरवलं. सरकारी पक्षाची साक्षीदार माझी बायको होती आणि बचावाची वकील माझी आई. (मी नक्की कोणामुळे अडकलो, यावर आमच्या घरात वाद नाही. सगळ्यांना माहीत आहे.)

झालं असं की आई नागपूरहून आमच्याकडे इंग्लंडात, बेसिंगस्टोकला आली होती. बाबा गेल्यानंतरची तिची ही पहिलीच खेप. आयुष्यभर शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलेली बाई. तिला बोलायला समोर वर्ग लागतो. आमच्याकडे समोर होतं ते शेजाऱ्यांचं कुंपण. आम्ही दोघं कामावर, मुलगी मैत्री शाळेत आणि आई खिडकीत.

"प्रशांत, या रस्त्यावर माणसं राहतात ना रे? की नुसत्या कचऱ्याच्या बिन्सच राहतात?" तिने एकदा विचारलं. मग एका सकाळी चहा पिता पिता शांतपणे म्हणाली, "माझं परतीचं तिकीट जरा अलीकडचं करून दे."

"बघतो," म्हणून मी कप उचलून सिंककडे गेलो.

आईला रमवायचं म्हणून मी जंग जंग पछाडून एक कार्यक्रम शोधला. समुद्राकाठच्या एका जुन्या आरमारी गोदीत वीकेंडभर 'जिवंत इतिहास'! जुन्या काळचे कपडे घालून जुन्या काळासारखं वागणारी हौशी माणसं. रोमन, व्हायकिंग, ट्यूडर, नेपोलियनच्या वेळचे खलाशी, दुसरं महायुद्ध, सगळं एका तिकिटात.

"इतिहासाच्या बाईंना आणखी काय पाहिजे!" मी सुजाताला म्हणालो. सुजाता, म्हणजे माझी बायको, हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. ती कुठल्याही गोष्टीचे आधी साइड इफेक्ट बघते.

"पार्किंग आहे का?" तिने विचारलं.

होतं. ते आम्हाला एका रोमन शिपायाने दाखवलं. हातात भाला, नाकावर सन क्रीम.

आत शिरल्या शिरल्या आई थबकली. समोर टॉयलेटची रांग होती. पुढे महायुद्धातली नर्स, तिच्यामागे ट्यूडर सरदार आणि सगळ्यात शेवटी व्हायकिंग.

"हे उलटं लावलंय," आई म्हणाली. "काही क्रम आहे की नाही यांना?"

तेवढ्यात हनुवटीखाली बांधायची जुनी बॉनेट टोपी घातलेल्या एका बाईंनी आईची निळी साडी, वरचं माझं ग्रे कार्डिगन आणि पायातले ट्रेनर्स बूट कौतुकाने न्याहाळले आणि काहीतरी विचारलं. आईला इथले उच्चार कळत नव्हते, म्हणून मैत्रीने भाषांतर केलं. (ती इथेच जन्मली. तिच्या मराठीत कोण बाई आणि कोण पुरुष, हे रोज सकाळी नव्याने ठरतं.)

"आजी, ती विचारतो, तू कुठल्या काळातला आहेस?"

"चालू," आई म्हणाली.

पुढे एका मोठ्या शेडमध्ये नेपोलियनच्या वेळचं कोर्टमार्शल चाललं होतं. आम्हाला पहिल्या रांगेत जागा मिळाली. न्यायाधीश होते एक कॅप्टन. निळा कोट, दोन टोकांची टोपी, गंभीर चेहरा. रात्रीच्या पहाऱ्यावर झोपलेल्या खलाशाचा खटला होता, पण खलाशी नव्हता. तो प्रेक्षकांतून घ्यायचा होता. लाल कोटातला शिपाई रांगेवरून नजर फिरवत होता आणि नेमकी त्याच क्षणी मी जांभई दिली. मोठी. आवाजासकट.

पुढच्या मिनिटाला मी दोन बंदुकांच्या मध्ये उभा होतो. लोक टाळ्या वाजवत होते. मीही हसून हात हलवला. आईची करमणूक होतेय, एवढंच माझ्या डोक्यात!

"याला ओळखणारं कोणी आहे का?" कॅप्टन गरजले.

सुजाता उभी राहिली. तिला कोणी ढकललं नव्हतं, हे मी नमूद करतो.

"मी ओळखते. लग्न झालंय आमचं." (हे सगळं इंग्रजीत झालं. मी मराठीत देतोय, कारण इंग्रजीत जास्त लागतं.)

"मॅडम, या माणसाला कधी ड्यूटीवर झोपलेलं पाहिलंय?"

"कुठल्या ड्यूटीवर?" सुजाताने काउंटरवर औषधाचं नाव विचारावं तसं विचारलं. "मुलीच्या पेरेंट्स ईव्हनिंगला झोपला होता. टीचरच्या समोर. स्कूल प्लेमध्ये झोपला, तेव्हा स्टेजवर आमचीच मुलगी होती. बॉयलरवाल्याची वाट बघायला मुद्दाम घरी ठेवला. बॉयलरवाला बेल वाजवून वाजवून परत गेला."

शेडमध्ये हशा. एक रोमन तर ढालीवर थापा मारून हसत होता.

इकडे आई मैत्रीला विचारत होती, "काय करून राहिले हे? तुझ्या बाबाला काऊन धरलं?"

"बाबा झोपली म्हणून, आजी. आता त्याला चाबूक मारणार."

"आणि याचा वकील कुठाय?"

"वकील नसतो, आजी. हे जुना टाइम आहे."

"टाइम कोणताही असो. आरोपीची बाजू ऐकल्याशिवाय शिक्षा?"

आई उठली. कार्डिगन काढून मैत्रीकडे दिलं. पर्स शेजारच्या रोमन शिपायाच्या हातात दिली. (त्याने ती खटला संपेपर्यंत छातीशी धरून ठेवली. साम्राज्य उगीच टिकलं नाही.) आणि ती सरळ कॅप्टनसमोर जाऊन उभी राहिली.

"माय लॉर्ड, आय ॲपिअर फॉर द अक्यूज्ड. आय ॲम ऑल्सो द मदर."

लोकांत खुसखुस झाली. आई वळली. "सायलेन्स!"

दहावी ब आणि क एकत्र बसवून शिकवलेला आवाज होता तो. शेड चिडीचूप. लाल कोटवाले दोघे आपोआप ताठ झाले. मी बटणं तपासली.

आईने त्यातल्या एकाकडे बोट रोखलं. "आरोपी झोपला होता, हे तुम्ही स्वतः पाहिलं?"

"मी... नाही, मॅम."

"मग कोणी पाहिलं?"

"माहीत नाही, मॅम. मी फक्त वीकेंडला येतो. एरवी कार्पेट बसवतो."

"दॅट इज ऑल," आई म्हणाली. मग ती सुजाताकडे वळली. "आणि ही साक्षीदार. हिने सांगितलेल्या गोष्टी जहाजावर घडल्या का?"

"नाही, आई," सुजाता मराठीत पुटपुटली. "आमच्या सेमी-डिटॅच्ड घरात घडल्या."

"मग इथे त्यांचा संबंध काय?"

टाळ्यांचा कडकडाट! कॅप्टन घामाघूम झाले. त्यांच्या खटल्याचा शेवट ठरलेला होता. लोकरीचा चाबूक टेबलावर तयार होता आणि इथे आरोपी सुटायला आला होता. माझा ऊर भरून आला. बाबा गेल्यापासून आईला मी असं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. आणि ती उभी होती माझ्यासाठी!

कॅप्टननी शेवटचा प्रयत्न केला. टोपी काढून अदबीने म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्याच्या आई. शपथेवर सांगा. तो ड्यूटीवर कधीही झोपलेला नाही?"

मी आईला डोळा मारला. सोपं होतं. एक शब्द.

आईने माझ्याकडे पाहिलं. ज्या बाईने जन्मभर मुलांना खरं बोलायला सांगितलं, तिची ती बघण्याची पद्धत मला ओळखीची होती. 

"आई," मी कुजबुजलो, "हे नाटक आहे गं."

"शपथ नाटकात नसते," आई म्हणाली आणि कॅप्टनकडे वळली. "येस, माय लॉर्ड. ही स्लेप्ट. सातवीत. माझ्याच वर्गात, माझ्याच तासाला. मागे इन्स्पेक्शनला आलेले साहेब बसले होते. तोंड उघडं टाकून झोपला होता."

"कशाचा तास होता, मॅडम?"

"नागरिकशास्त्र. फंडामेंटल ड्यूटीज."

म्हणजे मी ड्यूटीवर नाही, सगळ्याच्या सगळ्या ड्यूटीजवर झोपलो होतो! छप्पर उडेल असा हशा झाला. कॅप्टननी टेबलावर डोकं टेकलं. "त्या दिवशी साहेबांना मी सांगितलं नाही की हा माझा मुलगा आहे," आईने पुस्ती जोडली. "आज सांगितलं."

"गिल्टी!" शेडभर आरोळी उठली. त्यात मैत्रीचाही आवाज होता.

लाल कोटवाल्याने लोकरीचा चाबूक उचलला. आईने हात आडवा केला. "मारायचं नाही. मी वर्गात कधी छडी वापरली नाही. उठाबशा काढेल तो."

उठाबशा म्हणजे काय, हे आईने कान धरून स्वतः दाखवलं. मग मी काढल्या. मोजायला रोमन, ट्यूडर, व्हायकिंग आणि दोस्त राष्ट्रांच्या फौजा होत्या. क्रमाने नव्हत्या, पण एका सुरात होत्या. "सेव्हन! एट!" नवव्याला माझा गुडघा खाली गेला आणि तिथेच राहिला. महायुद्धातली नर्स धावत आली. (ती खरी नर्स नव्हती, इस्टेट एजंट होती. तिने गुडघ्यावर स्वतःची खायची आइस लॉली ठेवली आणि आमच्या घराची आज किती किंमत येईल ते विचारलं.)

नंतर चहाच्या तंबूत मी पाय वर करून बसलो. आईभोवती ही गर्दी! कार्पेटवाला शिपाई चहा आणून देत होता, बॉनेटवाल्या बाई साडी कशी नेसतात ते विचारत होत्या. आईचं इंग्रजी आधी अडखळत, मग धो धो चाललं होतं आणि ती हसत होती. खदखदून. हे हसणं मी विसरलो होतो. सुजाताने टेबलाखाली माझा हात दाबला. मीही दाबला. दुसरा हात गुडघ्यावर होता.

तेवढ्यात कॅप्टन टोपी काखेत मारून आले. त्यांना आई आणि सुजाता उद्याही हव्या होत्या. आणि जमलं तर पुढच्या वर्षीही.

आईने चहाचा कप खाली ठेवला. साडीचा पदर सारखा केला. "प्रशांत, ते तिकिटाचं राहू दे," ती म्हणाली. "आणि यांना सांग, येते म्हणावं."

मी कॅप्टनना तसं सांगितलं. लगेच विचारलंही, "मग मीही येऊ ना?"

कॅप्टन जरा अवघडले. मग सुजाताला हळूच काहीतरी म्हणाले. ती हसू दाबत आईकडे वळली.

"आई, ते म्हणतायत, आरोपी ते प्रेक्षकांतून कोणालाही उचलतात. त्याला अंगात काही कला लागत नाही."

आईने माझ्याकडे नीट पाहिलं.

"मग जमेल त्याला," ती म्हणाली.