फोटोतली जाऊ आणि मॉडेलमधली मी

माझी धाकटी जाऊ चिपळूणची. गोरी, घारी, आणि घरातल्या कुठल्याही लग्नाचा अल्बम उघडा, नवरीच्या आधी तिच्याकडेच नजर जाते. मी लांज्याची. फोटोत माझे डोळे तरी मिटलेले असतात नाहीतर तोंड उघडं. इतकी वर्षं मी हे गिळत आले होते. पण गेल्या मे महिन्यात नणंदेची मुलगी पुण्याहून रत्नागिरीला आमच्याकडे आली आणि तिने कहरच केला.

ही भाची गेम बनवणाऱ्या कंपनीत कामाला. फावल्या वेळात ती स्वतःचा एक मारामारीचा गेम करत होती आणि त्यात तिला कोकणातल्या दोन बायका एकमेकींशी लढायला हव्या होत्या. त्यातली एक जुन्या पद्धतीची. म्हणजे खऱ्या माणसाला उभं करायचं, लाथ मारताना, बुक्की मारताना, पडताना फोटो काढायचे आणि ते भराभर एकामागून एक दाखवायचे. दुसरी नव्या पद्धतीची, मातीची बाहुली करावी तशी कॉम्प्युटरवर घडवलेली, कुठूनही फिरवून बघता येणारी.

"धाकटी मामी फोटोची," तिने जाहीर केलं. "मोठी मामी, तुझं मी मॉडेल करते."

मला विचारलं का कोणी? अंगणात कपड्यांच्या तारेवर हिरवी चादर लागली. जाऊ नऊवारीचा काष्टा मारून गादीवर धडाधड पडत होती आणि सासूबाईंसकट सगळं घर खुर्च्या टाकून बघत बसलं होतं. पडतानासुद्धा मेली छान दिसत होती. माझी पाळी आली तेव्हा सगळे जेवायला उठले. भाची मोबाइल घेऊन माझ्याभोवती गोल गोल फिरली, "मामी, हलू नकोस" म्हणाली, झालं. साडीच्या दुकानातल्या पुतळ्यासारखी उभी होते मी. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"तिचा खरा चेहरा, आणि माझा तेवढा बनवलेला का गो?" मी विचारलंच.

"अगं, हल्लीचे गेम असेच असतात. फोटोतली माणसं झटके देत हलतात. तू सफाईने हलशील. तुझ्यावर ऊन-सावली पडेल."

ऊन माझ्यावर रोजच पडतं, मी म्हटलं.

खरं दुखणं वेगळंच होतं. आमचे हे बोटीवर असतात, सहा-सात महिने घराबाहेर. भाची तो गेम त्यांनाही पाठवणार होती. खेळताना एक बाई आपली म्हणून निवडायची, दुसरी समोर उभी राहते. तिकडे समुद्रात, कामावरून सुटल्यावर, हे कोणाला निवडणार? भावाची बायको ती, नुसता खेळ तो, सगळं मला कळत होतं. कळून काय उपयोग? त्यांनी तिला निवडलं असतं तर मला सोसलं नसतं.

गणपतीच्या आधी गेम तयार झाला. मी रागाने तो उघडलाच नाही. पण ह्यांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मेथी निवडता निवडता, सहज विचारतेय असं दाखवत विचारलं, "खेळताना कोणाला घेता?"

"तुलाच. दुसऱ्या कोणाला घेणार?"

त्या दिवशी मी खापरोळ्या केल्या आणि जावेला आग्रह करकरून वाढल्या. तिला बिचारीला कारण कळलं नाही.

पुढे मात्र प्रत्येक कॉलमध्ये तेच सुरू झालं. "काल ती काय खेळली!" "ती दमतच नाही." "लाल साडी तिला शोभते." मला वाटलं, धाकटीचंच कौतुक चाललंय. तसं म्हटलं तर हे हसले. "छे, तुझ्याबद्दलच बोलतोय." मग मला तू म्हणायचं सोडून ती कशाला? शिवाय बोलताना त्यांची नजर सारखी खाली. दुसऱ्या मोबाइलवर गेम चालू होता.

कॉल संपल्यावर मी पहिल्यांदा तो गेम उघडला. भाचीने माझे पांढरे केस काढून टाकले होते, पोट आत घेतलं होतं, डोळे मोठे केले होते, लाल साडी नेसवली होती. चेहरा माझा, पण मी नव्हेच. जाऊ मात्र जशीच्या तशी होती, घामेजलेली, पदर सुटलेला, लाथ मारताना वेडंवाकडं तोंड झालेली. जिच्यावर एवढी वर्षं जळले ती माझ्यासारखीच निघाली. खरी सवत होती ती ही बनवलेली.

मी जावेला हाक मारली आणि खेळायला शिकव म्हटलं. गेममध्ये जावेलाच निवडलं. एक बटण सापडलं, तेच दाबत सुटले. लाल साडीवाली मार खात मागे मागे गेली आणि आडवी झाली. उठल्यावर परत आडवी केली.

"अहो ताई, स्वतःलाच काय बडवताय?" जाऊ हसायला लागली.

"ती मी नाही," मी म्हटलं. "लाथ कुठल्या बटणाने मारायची ते सांग."