दोन खणांचा पिंजरा

निवृत्त वनपाल ज्ञानदेवनाना यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. सांगलीच्या विश्रामबागेतील सत्कार समितीने गौरवग्रंथात त्यांच्याविषयी लिहिण्याचे काम माझ्यासारख्या फौजी गड्यावर सोपवले, हे धाडसच म्हणायचे. माझ्या हातात पेन म्हणजे नांगराला घोडा जुंपल्यातला प्रकार. पण नानांबद्दल आमच्या वाडीतून दुसऱ्या कुणी लिहिलेले मला खपले नसते, हेही खरे.

आमची पहिली भेट भांडणाची. दुष्काळ नुकताच सरला होता. मी हवालदार म्हणून पेन्शनीत निघून उंब्रजच्या वरच्या अंगाला, आमच्या वाडीत ऊस करत होतो. पोटाला चिमटा घेऊन दुष्काळात जगवलेले माझे खोंड बिबट्याने बांधावर मारले. माझे डोके फिरले. उरलेले खायला तो परत येणार, हे ठाऊक होते. उसावर फवारायच्या औषधाचा डबा आणला आणि मढ्यावर ओतला. तेवढ्यात सायकल ढकलत नाना आले. मूळचे आष्ट्याचे, आमच्याकडे नुकतीच बदली झालेली. वासावरूनच त्यांनी ओळखले.

“हवालदार, ह्ये काय केलंसा?”

“आवं, खोंड माझं गेलंय, तुमचं न्हाई!”

“व्हय. पर हितं कुत्री येतील, कोल्ही येतील, घारी येतील. त्यांनी तुमचं काय खाल्लंय? आट दिस द्या मला. बिबट्या धरून दावतो. तवर तुमचा दुसरा बैल गेला, तर माज्या दावणीची गाय सोडून न्या.”

एवढे बोलून, पन्नाशी ओलांडलेल्या त्या माणसाने फावडे उचलले आणि खड्डा काढायला सुरुवात केली. लाजेकाजेस्तव मीही कुदळ घेतली. छातीएवढ्या खोल खड्ड्यात आम्ही मढे पुरले.

नानांचा पिंजरा दोन खणांचा. पुढचा खण बिबट्याला, मागचा शेळीला, मध्ये जाड गज. शेळी कोंडाबाई म्हातारीची. “लेकरागत हाय माजी,” असे बजावूनच तिने दिली. नानांनी शेळीपुढे पाला ठेवला, पाणी ठेवले. “वासाला बसवलीया, बळी द्याया न्हाई,” असे ते म्हणत. रोज उजाडताच पिंजरा बघायचा. जनावर सापडले की वर गोणपाट टाकायचे, म्हणजे ते गज चावून दात मोडून घेत नाही. बघ्यांना लांब ठेवायचे. नाना पलटणीत असते तर सुभेदार होऊनच परतले असते!

तिसऱ्या दिवशी पिंजऱ्यात सापडले तरस. वाडी खदखदून हसली, एकजण तर कुऱ्हाड घेऊन आला. नानांनी त्याला मागे सारले, तरसाला सोडून दिले आणि सर्वांसमोर म्हणाले, “चूक माजी. मढं पुरलं त्याच्या शेजारीच पिंजरा ठेवला. वासावर कोनबी येनार. बिबट्याची वाट धराय पायजे हुती.” सरकारी माणसाने चारचौघांत चूक कबूल केलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मग दुपारभर ओढ्याकाठच्या ओल्या मातीत ठसे शोधून त्यांनी पिंजरा तिकडे हलवला.

आठव्या दिवशी सकाळी बिबट्याची मादी सापडली. तीन वाड्यांची माणसे काठ्या घेऊन लोटली. नानांनी गोणपाट थोडे उचलून आत पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

“दुदाची हाय ही. पिल्लं जवळच असनार, आईबिगर मरतील. ती घेतल्याशिवाय मी पिंजरा हलवनार न्हाई. पर हवालदार, खोंड तुमचं गेलंय. तुमी काय म्हनता?”

सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. मी म्हणालो, “चला, हुडकू,” आणि पुढे झालो.

दोन पिल्ले सापडली ती माझ्याच उसात, पाचटाखाली. मी विष ओतले होते तिथून हाकेच्या अंतरावर. माणसाचा वास लागू नये म्हणून नानांनी हाताला माती चोळून पिल्ले पाटीत घेतली. आधी कोंडाबाईंची शेळी पोचती केली आणि मग तिच्या खणात पिल्ले ठेवली. त्याच दुपारी पिंजरा ट्रकने घाटातल्या रानात नेला. तिथे नानांनी आधी पिल्ले झाडाखाली ठेवली आणि मग ट्रकच्या टपावरून दोरीने दार ओढले. मादी थेट पिल्लांकडे गेली. माझ्या दुसऱ्या बैलाच्या अंगाला ओरखडाही आला नाही.

आज साताऱ्यापासून सांगलीपर्यंत वनखात्यातली नवी पोरे दोन खणांचा पिंजरा लावायला नानांकडूनच शिकतात. हे सांगताना माझी छाती फुगते. त्या पिंजऱ्याची गोष्ट निघाली की नाना हमखास म्हणतात, “हवालदारांनी पयल्या दिसापास्नं साथ दिली.” डब्याबद्दल चकार शब्द नाही. वाडीला वाटते, खोंड गमावूनही मी नानांच्या मागे उभा राहिलो. त्या मानावर मी पाच वर्षे मिरवतो आहे.

नानांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यांच्या गुडघ्यांनी त्यांना घाट चढू द्यावा. नाना, रागावू नका. तुम्ही माझी अब्रू झाकलीत. आज या ग्रंथात सर्वांदेखत मीच ती उघडी करतो. विष मी घातले होते.