ताजमहाल पाठीमागून

आमच्या घरी कुणी चहाला आलं, की पाच मिनिटांत विषय आईवर येतो. एकानं एक सांगितलं की दुसऱ्याला दुसरं आठवतं. चहा निवतो, पाहुणा उठायचं विसरतो. आई आत बसून सगळं ऐकत असते आणि मधूनच ओरडते, "खोटं नोको सांगू रे!" म्हणून इथं तेवढंच सांगतो, ज्याला तिनं हरकत घेतलेली नाही.

*

आमचं गाव पोंभुर्ण्याजवळ. बाबा तलावात मासेमारी करायचे, आई लग्नाकार्यात स्वयंपाकाला जायची. अशाच एका लग्नात चंद्रपूरचा एक यात्रा-बसवाला जेवला. वरण दोनदा मागून घेतलं आणि हात धुऊन थेट चुलीपाशी आला.

"बाई, आमच्या बससोबत स्वयंपाकाले येता का? काशी, बद्रीनाथ, सारं फिरणं होईन."

आईनं तोवर नागपूरसुद्धा पाहिलं नव्हतं. आम्हाला वाटलं, ती घाबरेल. तिनं झारा खाली ठेवला, थोडा विचार केला आणि विचारलं,

"तिथी वांगे भेटतात का?"

*

वांगी सगळीकडे भेटली! आई वर्षानुवर्षं फिरत राहिली. कधी पंधरा दिवस, कधी महिना. गावात कुजबुज सुरू झाली. एका म्हाताऱ्यानं तलावाच्या पाळीवर बाबांना गाठलंच.

"शंकरभाऊ, बायको महिना महिना बाहेर राह्यते. तुले चालते?"

बाबा फाटलेलं जाळं सांधत होते. मान वर न करता म्हणाले, "ते आली की आठ दिवस गोष्टी सांगते. तुही बायको तं घरीच असते. काय बोलते तुह्याशी?"

गावातली चर्चा तिथंच संपली.

*

शेजारच्या शाळेतल्या बाईंना आईच्या प्रवासाची फार उत्सुकता. एकदा त्यांनी मोठ्या हौसेनं विचारलं, "सुमनबाई, ताजमहाल कसा आहे हो?"

आई गंभीरपणे म्हणाली, "मांगून चांगला हाय."

झालं होतं असं, की बस थांबली नदीच्या पल्याड. यात्रेकरू रिक्षा करून दर्शनी बाजूला गेले आणि आई भाजी चिरत इकडेच बसली. भाजी चिरून होईपर्यंत तिनं ताजमहाल पाहिला. पण पाठीमागून.

"समोरून पाहावा नाही वाटला?" बाईंनी विचारलं.

"समोरूनबी तसाच असन ना!" आई म्हणाली.

आणि खरंच तसाच आहे. मी स्वतः जाऊन पाहिला!

*

मग तिचे गुडघे गेले. ऑपरेशन झालं आणि मी तिला ऊर्जानगरला माझ्या क्वार्टरवर आणलं; बाबा गावी तलावापाशीच राहिले. मी पॉवर स्टेशनमध्ये फिटर. सकाळी बसनं ड्युटीवर जायचो आणि दिवसभर ती बाल्कनीत एकटी. समोर चिमण्या, चिमण्यांतून धूर. इतकी फिरलेली बाई खुर्चीला खिळली. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. मला धास्ती वाटायला लागली.

एक दिवस ड्युटीवरून आलो, तर बाल्कनीच्या भिंतीवर सरोवर! गेटला लावून उरलेला निळा ऑइलपेंट, माझा जुना ब्रश आणि कोपरापर्यंत रंगलेली आई.

"श्रीनगर हाय," ती म्हणाली. "भूक लागली. काय केलं जेवाले?"

मी भिंतीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि मुकाट्यानं कणीक भिजवायला गेलो.

*

पुढच्याच आठवड्यात मेंटेनन्सचे साहेब तपासणीला आले. भिंत पाहून थबकले. म्हणाले, "आजी, क्वार्टर कंपनीचं आहे. सोडताना यावर चुना मारावा लागेल."

"मारा ना," आई म्हणाली. "चुन्याखाली राह्यतेच ते."

साहेब हसले. संध्याकाळी बायकोला घेऊन परत आले. फोटो काढले. ते फोटो सगळ्या कॉलनीच्या मोबाइलवर फिरले. कुणी कागद आणून दिले, कुणी रंग. आणि वर्षभरात कॉलनीतल्या मंडळींनी चंद्रपुरात एक हॉल घेऊन आईच्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं!

*

प्रदर्शनात मुलचेऱ्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या वस्तीतली एक म्हातारी आली होती, नातेवाइकांसोबत. एका नदीच्या चित्रापुढं ती जी उभी राहिली, ती हलेचना. शेवटी आईला म्हणाली, "हे आमचं गाव. लहानपणी सुटलं."

खरं तर ती काशीची गंगा होती. मी सांगायला पुढं झालो, तर आईनं मला हातानंच थांबवलं. "तुमच्या गावाले काठावर काय होतं?" तिनं विचारलं.

"नारळ. दोन."

आईनं पिशवीतून ब्रश काढला आणि तिथंच, भर हॉलमध्ये, काशीला दोन नारळ लावले.

चित्र म्हातारीसोबत गेलं. भिंतीवर नुसता खिळा राहिला.

*

शेवटच्या दिवशी बाबा आले. आई इतकी फिरली, पण बाबा चंद्रपूरच्या पुढं कधी गेले नाहीत. ती दर वेळी म्हणायची, "एक सीट खाली हाय, चला." ते दर वेळी म्हणायचे, "तलाव कोण पाहीन?"

त्या दिवशी हात मागं बांधून ते एकेका चित्रापुढं थांबत चालले होते. मागोमाग पेपरचा एक वार्ताहर आईला प्रश्न विचारत होता.

"आजी, इतके घाट, इतकी देवळं काढली. माणसं काऊन नाई कुठी?"

"ते दर्शनाले गेले ना," आई म्हणाली. "मी भांड्यापाशी होती."

मग तो रामेश्वरच्या समुद्रापाशी आला. पाण्यात एक लहानशी नाव होती आणि नावेत पाठमोरा एक माणूस.

"हा कोण मंग?"

आईनं बाबांकडं पाहिलं. "आमचे हे."

वार्ताहर चटकन वळला. "आजोबा, तुम्ही रामेश्वरला कधी गेले होते?"

बाबा चित्राजवळ वाकले. बराच वेळ पाहत राहिले. मग खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला.

"गेल्तो ना," ते म्हणाले. "हवा लय होती त्या दिवशी."