तळहातावरचं आडनाव

चिनशेठ आपलं आडनाव तोंडाने सांगायचा आणि लगेच उजव्या हाताच्या बोटाने डाव्या तळहातावर लिहायचा. शाई नाही, काही नाही, नुसतं बोट. लिहून झालं की मूठ मिटून घ्यायचा. समोर बँकेतली बाई असो की कुत्रा फिरवणारा शेजारचा गोरा, त्यांना ते अक्षर वाचता येणार नाही हे त्याला ठाऊक असायचं. तरी लिहायचा. "बोलताना नाव बिघडते," म्हणायचा. "हातावर नाय बिघडत."

टेक्सासमधल्या शुगर लँडला मी मुलाकडे राहायला आलो तेव्हा पहाटे तळ्याकाठी चालायला जायचो. आठनंतर इथली हवा ओल्या गोधडीसारखी अंगावर पडते. एकदा एक बदक पायात आलं, मी त्याला "हाड" म्हटलं, तर बाकावरचा चिनी म्हातारा म्हणाला, "त्याला मराठी कुठे समजते?" मी चाटच पडलो. याचा जन्म मुंबईतला. बापाचं तिथे जोड्यांचं दुकान होतं, पुढे यानेही चाळीस वर्षं जोडे शिवले आणि म्हातारपणी मुलीकडे इकडे आला. कारागीर सगळे मराठी, त्यांच्याकडून भाषा उचललेली. त्यामुळे राष्ट्रपती भेटले असते तरी हा त्याला "तू"च म्हणाला असता.

मी त्याला चीनशेठ म्हणायला लागलो. "चीन नाय, छिन," तो म्हणाला. "देश नाय, आडनाव." दोन महिने त्याने सुधारून पाहिलं. मी हट्टी माणूस, चिनशेठवर येऊन थांबलो.

पण त्या आडनावाची गोष्ट मी त्याच्याकडून परत परत ऐकली. फार जुन्या काळी चेन नावाचं, याच्या बोलीत छिन, एक छोटं राज्य होतं. शेजारच्या मोठ्या राज्याने ते गिळलं. तिथली माणसं पांगली आणि त्यांनी गेलेल्या राज्याचं नावच आडनाव म्हणून लावलं. मी म्हटलं, "म्हणजे तू चेनकर." तो इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसले. उत्तरेत जसजशा लढाया व्हायच्या तसतशी ती माणसं पिढ्यान्पिढ्या दक्षिणेला सरकत गेली. याचे पूर्वज डोंगरात राहिले. त्या लोकांना हक्का म्हणतात. मला हक्का म्हणजे गाडीवरच्या नूडल्स एवढंच माहीत. "हक्का म्हणजे पाहुणा," तो म्हणाला. "हजार वर्षं राहिला, तरी पाहुणाच. नूडल्स मात्र सगळ्यांची झाली."

एकदा माझा मुलगा आम्हा दोघांना ह्यूस्टनच्या आशियाई बाजारात घेऊन गेला. चिनशेठ गाडीच्या काचेवर बोट आपटून पाट्या दाखवत होता. "ट्रान, व्हिएतनामवाला, माझा. चान, हाँगकाँगवाला, माझा. तान, मलेशियावाला, तो पण माझा."

"काका, सगळे सेम?" मुलाने विचारलं.

"अक्षर एक. तोंड वेगळा."

मुलाला मजा वाटली. "बाबा, आपलं पण सांगा ना काकांना. किल्ल्याचं."

मी सांगितलं. आम्ही वडगावकर, पूर्वज किल्लेदार, घरात तलवार होती, वगैरे. मुलगा लहान असल्यापासून मी हेच सांगत आलोय. चिनशेठने नीट ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून मला "वडगाव" अशी हाक मारायला लागला.

पुढे माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मुलगा म्हणाला, नवीन ऑर्डर करतो. चिनशेठने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी हत्यारांचं बोचकं घेऊन बाकावर बसला आणि रुंद पात्याच्या सुरीने कातड्याची कड तासायला लागला. मी बघत होतो. तोंडातून निघून गेलं, "रापी जरा आडवी धर, कातडं पातळ आहे."

त्याचा हात थांबला. "रापी? हा शब्द तुला कसा माहीत?"

"आमच्या गावात ते लोक होते ना. बसायचे रस्त्यावर. पाहिलीय त्यांच्याकडे."

"ते लोक," तो म्हणाला आणि सुईत दोरा ओवला. थोड्या वेळाने, मी न विचारताच, बापाची गोष्ट सांगायला लागला. चीनशी लढाई झाली तेव्हा माणसं दुकानावर आली, पाटी काढ म्हणाली. पाटीवर आडनावाचं ते एक अक्षर होतं, सोनेरी. बापाने काढली नाही. काच फुटली, पाटी राहिली. "बाप बोलला, हा काढला तर मी कोण?" एवढं बोलून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बदकांकडे बघत बसलो.

ते लोक म्हणजे माझे वडील. तालुक्याच्या बस स्टँडसमोर बसायचे. आमचं आडनाव पायताणे. शाळेत पोरं ते आडनाव घेऊन माझ्यापुढे पाय करायची, चौथीत मी शाळा सोडली. पुढे ट्रकवर ड्रायव्हर झालो आणि पहिलं काम काय केलं, तर राजपत्रात आडनाव बदलून घेतलं. तो कागद ऐटीत वडिलांना दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि एवढंच म्हणाले, "मग माझ्या नावाचं पत्र आता तुझ्या घरी येणार नाही." माझ्या मुलाला यातलं काही माहीत नव्हतं.

चार वर्षं चिनशेठने मला वाट करून दिली. मधूनच म्हणायचा, "वडगाव, आणखी काय सांगायचं आहे?" मी म्हणायचो, "काय असणार?" तो मान हलवायचा. पुन्हा कधी रापीचं नाव काढलं नाही.

या वसंतात तो गेला. पंधरा दिवसांनी त्याची मुलगी दारात आली. "पप्पा बोले थे, वडगाव अंकल को देना." फडक्यात रापी होती. धार ताजी लावलेली.

"बाबा, हे काय?" मुलाने विचारलं.

"भाजीची सुरी," मी म्हणालो. मेलेल्या माणसाने शेवटची वाट करून दिली होती, तीही मी बुजवली.

सुनेने ती सुऱ्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. आठवड्याने कोबी चिरताना म्हणाली, "धरायला ऑकवर्ड आहे हो बाबा, पण धार काय मस्त आहे." ओट्यावर कोबी आणि त्यात चिनशेठची रापी. मला बघवेना. मी उठून तिच्या हातातून ती घेतली. साठ वर्षं धरली नव्हती, पण मूठ आपोआप बरोबर बसली. मुलगा जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन होता. तो बघतच राहिला.

"तुम्हाला हे कसं येतं?"

"तुझ्या आजोबांनी शिकवलं. जोडे शिवायचे ते."

"आणि किल्ला?"

"किल्ला नव्हता. आडनावही ते नव्हतं."

त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "मग आपलं आडनाव काय?"

मला वाटलं होतं, आता सोपं जाईल. पण एवढ्या वर्षांत तो शब्द तोंडाला पारखा झालेला. जीभ उचलेना. जो माणूस चार वर्षं तो शब्द ऐकायला बसला होता, त्याला मी बदकं दाखवली होती. मी रापी खाली ठेवली, डावा हात मुलापुढे पसरला आणि बोटाने लिहायला लागलो. पा. य. ता. णे. माझं अक्षर चौथीचंच, वेळ लागला. लिहून झाल्यावर मूठ मिटली नाही. मुलगा अजून वाचत होता.